थुंब्याचे चर्च आणि आपल्या प्रयोगशाळेची किल्ली

विज्ञान दिन जवळ आला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पुठ्ठ्याचे अग्निबाण उभे राहू लागतात. पांढरा रंग, वर तिरंगी पट्टी, खाली लाल जिलेटिन कागदाच्या ज्वाळा. पाहुणे कौतुक करतात, टाळ्या पडतात, बक्षीस दिले जाते. अशाच एका विज्ञान दिनी आठवीतील एका मुलीला आम्ही विचारले, "बाळा, हा वर जातो तरी कशाने?" ती म्हणाली, "इस्रोच्या ताकदीने, सर." मुले हसली, आम्हीही हसलो. परंतु ते उत्तर पुढे कित्येक दिवस मनातून गेले नाही. दोष तिचा नव्हता. अग्निबाण आम्ही तिला मखरात बसवून दाखविला होता. तो चालतो कसा, हे कधी उलगडून दाखविलेच नव्हते.

आमचा विषय इतिहास. विज्ञानावर अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा वकूब नाही. तरीही या स्मरणिकेत देशातील पहिल्या अग्निबाण केंद्राविषयी लिहिण्याचे आम्ही ठरविले, याला कारण आहे. माजी विद्यार्थ्यांनी यंदा शाळेसाठी निधी जमविला आहे आणि त्यातून भव्य प्रवेशद्वार, म्हणजे कमान, उभारावी अशी सूचना पुढे आली आहे. त्या सूचनेविषयी आमचे मत वेगळे आहे आणि ते मत आम्हाला या इतिहासानेच दिले आहे.

केरळात तिरुवनंतपुरमजवळ समुद्रकाठी थुंबा नावाचे गाव आहे. १९६२ पर्यंत ते मासेमारांचे गाव होते. नारळीची झाडे, वाळू आणि सेंट मेरी मॅग्डालीनचे चर्च. अशा ठिकाणी अग्निबाण कशाला? तर पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त थुंब्याजवळून जाते. चुंबकसूची तेथे वर-खाली न झुकता आडवी राहते. त्या रेषेच्या वर, साधारण शंभर किलोमीटर उंचीवर, दिवसा विद्युत्प्रवाहाचा एक पट्टा वाहत असतो. त्याचा अभ्यास करायचा तर फुगा पुरत नाही, कारण तो तीस-पस्तीस किलोमीटरच्या फार वर जात नाही. आणि उपग्रह तर दोनशे किलोमीटरच्या वरून फिरतो. मधल्या आकाशात काही मिनिटे जाऊन मोजमाप करून येणारे साधन एकच, अग्निबाण. डॉ. विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली १९६२ मध्ये अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. जागेच्या शोधात त्यांच्यासोबत कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस होते.

जागा सापडली, पण तिथे माणसे राहत होती. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी रविवारच्या प्रार्थनेनंतर भाविकांसमोर हा प्रश्न ठेवला, लोकांनी होकार दिला, आणि चर्च, बिशपांचे घर व भोवतालची जमीन विज्ञानाच्या हवाली झाली. मासेमारांसाठी अन्यत्र वस्ती व नवे चर्च बांधण्यात आले. डॉ. अब्दुल कलाम यांनी हा प्रसंग फार हृद्यपणे सांगितला आहे आणि तो आम्ही वर्गात अनेकदा कथन केला आहे. पण इतिहासाचा विद्यार्थी येथे क्षणभर थांबतो. मागणाऱ्यांची, मध्यस्थांची नावे आपल्याला पाठ आहेत; देणारे मात्र केवळ 'मासेमार' म्हणून शिल्लक राहतात. आपल्या चोरखमाऱ्याच्या तलावावर पहाटे जाळे टाकणाऱ्या ढीवर बांधवांची मुले आमच्या वर्गात बसतात. ही कथा त्यांना सांगताना दात्याच्या औदार्यावर थांबू नये, त्याच्या मुलाला त्या केंद्राचे दार कितपत उघडे असते हेही विचारावे, असे आम्हाला वाटते.

आता त्या केंद्राचे पहिले दिवस पाहा. प्रार्थनेच्या वास्तूत अग्निबाणाची जुळणी, बिशपांच्या घरात कार्यालय, गुरांच्या गोठ्यात प्रयोगशाळा. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी संध्याकाळी पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकेचा 'नाइके-अपाचे' होता आणि त्यातील सोडियम वाफेचे उपकरण फ्रान्सचे होते. त्याला प्रक्षेपकावर चढविताना क्रेनची हायड्रॉलिक यंत्रणा गळू लागली, तेव्हा उरलेले काम माणसांच्या हातांनी उचलून पुरे केले. थोड्या वेळाने सोडियमचा नारिंगी ढग किनाऱ्यावरील लोकांनी मावळतीच्या आकाशात पाहिला. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १९६६ मध्ये थुंब्यात टिपलेले एक छायाचित्र जगभर गाजले: अग्निबाणाचे निमुळते टोक सायकलच्या कॅरिअरवर ठेवून दोघे जण नेत आहेत. आपल्याकडे हे चित्र 'गरिबीतून गगनभरारी' अशा ओळीखाली छापले जाते. आम्हाला त्यात गरिबीपेक्षा निराळे काही दिसते. ज्याला आपण काय करीत आहोत हे नेमके ठाऊक असते, त्याला सायकलही पुरते.

परकीय अग्निबाणावर काम भागवायचे नाही, हा डॉ. साराभाईंचा आग्रह होता. २० नोव्हेंबर १९६७ रोजी थुंब्याहून पहिला भारतीय बनावटीचा रोहिणी अग्निबाण उडाला. त्याचा व्यास अवघा ७५ मिलिमीटर, म्हणजे आपल्या शेतातील पाण्याच्या पाइपाएवढा. त्याच वर्षी इंग्लंडमधील काम सोडून पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर थुंब्यास रुजू झाले. घन इंधन हा त्यांचा विषय. या इंधनात जळणारा पदार्थ आणि त्याला ऑक्सिजन पुरविणारा पदार्थ रबरासारख्या द्रव्यात एकत्र मळतात, लापशीसारखे मिश्रण साच्यात ओततात आणि ते घट्ट होऊ देतात. मळताना आत हवेचा बुडबुडा राहिला किंवा घट्ट होताना भेग पडली, तर ज्वाला त्या भेगेत शिरते, जळणारा पृष्ठभाग अकस्मात वाढतो, दाब वाढतो आणि अग्निबाण फुटतो. म्हणजे सारे काही मोजमाप, तापमान, स्वच्छता आणि सबुरी यांवर अवलंबून. भाकरीचे पीठ मळणाऱ्या आईला यातील निम्मे तत्त्व सांगावे लागणार नाही.

१९७१ च्या डिसेंबरात डॉ. साराभाई निवर्तले आणि पुढील वर्षी थुंब्यातील संस्थांना त्यांचे नाव मिळाले. गोवारीकर १९७९ ते १९८५ या काळात विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच, १० ऑगस्ट १९७९ रोजी, एसएलव्ही-३ हा पहिला उपग्रहवाहक सुमारे पाच मिनिटांत बंगालच्या उपसागरात कोसळला. कारण शोधले तेव्हा दोष निघाला दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील एका झडपेचा. एक झडप! १८ जुलै १९८० रोजी तोच अग्निबाण ३५ किलोचा रोहिणी उपग्रह घेऊन कक्षेत पोहोचला. पुढे १९९४ पासून प्रमोद काळे या आणखी एका मराठी माणसाने ते केंद्र सांभाळले. १९६३ च्या प्रक्षेपणासाठी अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन आलेल्या पहिल्या तुकडीत ते होते.

यावर कोणी म्हणेल, हे सारे दूरचे. तसे नाही. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा प्रयोग झाला, त्याची धुरा चिटणीसांकडे होती, आणि त्या खेड्यांत आपल्या शेजारच्या रायपूर परिसरातील गावे होती. अग्निबाण आणि उपग्रह शेतकऱ्याच्या, शाळकरी मुलाच्या उपयोगी पडावेत हा विचार तिथे प्रत्यक्ष तपासला गेला. आजही पीएसएलव्हीच्या मोठ्या मोटारींची पोलादी आवरणे इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरात घडतात. भंडाऱ्याजवळील जवाहरनगरचा आयुध कारखाना प्रणोदके व स्फोटके तयार करतो, नागपूरजवळच्या अंबाझरीत पिनाका अग्निबाणांचे काम होते. आणि तो पिनाका पुण्याच्या पाषाण येथील संरक्षण प्रयोगशाळेत आकाराला आला. अग्निबाण म्हणजे दोन-चार प्रतिभावंतांचे तेज ही समजूत चुकीची आहे. तो वेल्डर, फिटर, टर्नर, रसायनतज्ज्ञ, प्रयोगशाळा सहायक, लेखनिक अशा हजारो हातांचा जमाखर्च आहे. धोकाही त्याच हातांच्या वाट्याला येतो. २३ फेब्रुवारी २००४ रोजी श्रीहरिकोटा येथे घन इंधनाच्या आगीत सहा जण गेले. जवाहरनगरात जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या स्फोटात कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा ते दुःख आपल्या भागातील घरांत आले.

येथे एक अप्रिय मुद्दा मांडणे आम्हाला भाग आहे. सत्तरच्या दशकातील केंद्र शासनाच्या आदेशांनुसार, संशोधन करणारी अथवा संशोधनाचे दिग्दर्शन करणारी वरिष्ठ वैज्ञानिक व तांत्रिक पदे आरक्षणाच्या नियमांतून वगळता येतात. प्रवेशाच्या पायरीवर आरक्षण आहे. वरच्या जिन्यावर सूट आहे. कारण सांगितले जाते गुणवत्तेचे. आमचे म्हणणे साधे आहे. ज्या झडपेमुळे १९७९ चा अग्निबाण पडला, तिने कोणाची जात विचारली नव्हती. ती फक्त नीट तपासली गेली होती की नाही, एवढाच प्रश्न होता. अशी तपासणी करण्याची सवय ज्या घरांत, ज्या शाळांत लागू शकते, त्यांची संख्या वाढविणे हाच गुणवत्तेचा मार्ग आहे. सूट देणाऱ्या आदेशाचा फेरविचार व्हावा, ही मागणी आपल्या संघटनांनी नेटाने करावी.

परंतु शासनाकडे बोट दाखविताना आम्हाला आमच्याच शाळेतील एक खोली आठवते. तिच्यावर 'प्रयोगशाळा' अशी पाटी आहे. आतील कपाटाला कुलूप असते, कारण काचेची नळी फुटली तर नोंद द्यावी लागते. ती किल्ली कित्येक वर्षे आमच्याच खणात होती. आम्ही ती जपली, आणि जपण्याच्या नादात मुलांना नळीला हात लावू दिला नाही. प्रतिकृतींच्या प्रदर्शनावर समाधान मानणारे आम्हीच होतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते आणि युद्धकाळातील तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्याच खात्याकडे होती. ही माहिती आम्ही जयंतीच्या भाषणांत दिली आहे. तिचा अर्थ आमच्या खणातील किल्लीपर्यंत पोहोचायला मात्र आमचे केस पिकावे लागले.

म्हणून कमानीविषयी. तिच्यावर शाळेचे नाव झळकेल, येणाऱ्या-जाणाऱ्यांस अभिमान वाटेल, हे मान्य. गावोगावी अशा कमानी उभ्या आहेत आणि ज्यांना कधीकाळी गावाच्या वेशीबाहेर ठेवले, त्यांनी स्वतःची वेस बांधावी यामागील भावना आम्ही समजतो. तिची थट्टा करणे आमच्याकडून होणार नाही. तरी आमची सूचना अशी की कमान थांबावी आणि त्या निधीतून ही खोली चालती व्हावी. चार भक्कम बाके, व्हाइस, कानशी, करवत, व्हर्नियर कॅलिपर, मल्टिमीटर, सोल्डरिंगची साधने, दोन चांगले तराजू, आणि फुटेल ते पुन्हा आणण्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम. फुटण्याची तरतूद आधीच असावी, हे महत्त्वाचे. दहावीनंतर आयटीआय करून अवकाश केंद्रात तंत्रज्ञ म्हणून जाता येते, आयुध कारखान्यांत शिकाऊ उमेदवार घेतात, हे आपल्या कित्येक पालकांना ठाऊकच नसते. ज्या माजी विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, त्यांनी महिन्यातून एक रविवार येऊन सांगावे. डॉक्टर, अभियंता, तहसीलदार झालेल्यांचे सत्कार आपण करतोच. कारखान्यात लेथवर काम करणारा आपला माजी विद्यार्थी सत्काराच्या यादीत नसतो, आणि बोलावले तर संकोचाने मागे बसतो. त्याने या खोलीत पहिला तास घ्यावा.

त्या मुलीला आम्ही नंतर फुगा, दोरा आणि कागदी नळी दिली. फुगा सोडला की हवा मागे आणि फुगा पुढे, दोऱ्यावरून सरळ. तिने तो सतरा वेळा सोडला आणि अंतर वहीत लिहिले. मग तिने विचारले की फुगा जास्त फुगविला तरी एकदा कमी अंतर का गेला. आम्हाला सांगता आले नाही. विज्ञानाच्या बाईंना बोलवावे लागले.

स्मरणिकेच्या प्रकाशनानंतर माजी विद्यार्थ्यांची सभा होईल, तेव्हा हा विषय आम्ही मांडणार आहोत. त्या दिवशी सकाळपासून खोली उघडी ठेवू. कपाटातील एक तराजू चालू स्थितीत आहे, सूक्ष्मदर्शकाचा आरसा फुटलेला आहे, आणि चुंबकसूच्या तेवढ्या बऱ्याच आहेत.