बांधावरच्या सायकली आणि बांधाचे भवितव्य

डांबर सोडून कच्च्या वाटांवर रुंद टायरची सायकल हाकण्याचा छंद, म्हणजेच ग्रॅव्हल बायकिंग, पणजीला सोयीचा आहे. आल्तिनोची टेकडी उतरून मांडवीकाठाने रायबंदर गाठावे, फेरीबोटीने चोडण किंवा दिवाडी बेटावर जावे. डांबर संपले की खाजन शेतीचे बांध सुरू होतात.

मात्र बांध म्हणजे रस्ता नव्हे. चिखलमाती आणि जांभा दगड यांनी रचलेली ती भिंत खाऱ्या पाण्याला शेताबाहेर रोखते. मानशीची दारे भरतीला मिटतात आणि ओहोटीला उघडतात. बांध फुटला तर खारे पाणी शिरून शेत नापीक होते. 1964 च्या कूळ कायद्यानंतर त्यांच्या देखभालीचा भार कोमुनिदादींकडून कूळ संघटनांकडे सरकला. शेती घटली तशी त्यासाठी राबणारे हातही घटले.

अशा वेळी सायकलस्वारांची वर्दळ दुधारी ठरते. पावसाळ्यात ओल्या मातीत चाकांच्या चरी पडतात आणि तेथूनच धूप सुरू होते. त्याहून मोठा धोका पुढचा: वाट लोकप्रिय झाली की रुंदीकरणाची, काँक्रीटची मागणी येते, मागोमाग मोटारी आणि भूखंडांचे दलालही.

म्हणून पावसाळ्यात बांध सायकलींना बंद ठेवणे, एरवी कूळ संघटनेची संमती घेणे आणि सहलींच्या शुल्कातील वाटा बांधदुरुस्तीला देणे, एवढे तरी ठरायला हवे. ज्या बांधामुळे ही वाट आहे, तो शेतकऱ्यामुळे उभा आहे.