शिशिरांतील उघडीं झाडें

बर्फानें मढलेल्या युरोपांतील झाडांचीं चित्रें पाहून आपल्याकडील सुशिक्षित मंडळींची अशी समजूत झालेली असते कीं, पर्णहीन वृक्षांचें सौंदर्य ही थंड देशांचीच मिरास आहे. ही समजूत किती अपुरी आहे हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें माघ-फाल्गुनांत खानदेशांत यावें आणि पहूराहून वाकोद-फर्दापूरच्या वाटेनें अजिंठ्याच्या डोंगराकडे जावें. वाघूर नदीचें पाणी या सुमारास ओसरलेलें असतें, आणि उतारावरील साग, सालई, मोई, कांडोळ हीं झाडें एकामागून एक पानें टाकून उभीं असतात.

येथील पानगळीचें मुख्य कारण थंडी नव्हे, तहान होय. पानांवाटे झाडाचें पाणी सतत हवेंत जात असतें. पावसाळ्याची ओल जमिनींतून हटूं लागली कीं झाड पानांतील उपयुक्त द्रव्यें फांद्यांत ओढून घेतें, देठाच्या मुळाशीं बुचासारखा पडदा धरतें, आणि मग पान सोडून देतें. उत्पन्न आटलें असतां खर्च आवरणाऱ्या जाणत्या गृहिणीचाच हा व्यवहार नव्हे काय?

पानें गेलीं म्हणजे झाडाची मूळ ठेवण डोळ्यांस दिसूं लागते. काटेसावरीच्या फांद्या खोडाभोंवतीं मजल्यामजल्यानें आडव्या पसरलेल्या असतात व कोवळ्या खोडावर जाड शंकूसारखे काटे असतात. कांडोळाचें खोड गुळगुळीत, पांढुरकें, आणि त्याची साल कागदासारखी सुटणारी. चांदण्या रात्रीं तें असें चमकतें कीं लोकांनीं त्यास भुताचें झाड म्हटलें यांत नवल नाहीं. जुन्या अंजनाची साल काळसर व खडबडीत, बाभळीची तर खोल भेगांची. पळस मात्र उघड्या फांद्यांवरच गर्द तपकिरी, मखमली कळ्या धरतो.

हें सारें छायाचित्रांत आणणें कठीण नाहीं. आतां कॅमेरा बहुतेकांच्या खिशांतील मोबाइलमध्यें असतोच. भर दुपारीं मात्र सालीचा पोत सपाट दिसतो. सकाळीं किंवा उतरत्या उन्हांत प्रकाश बाजूनें आला म्हणजे प्रत्येक भेगेस स्वतःची सांवली मिळते. फांद्यांची जाळी घ्यावयाची असेल तर मागें निरभ्र आकाश असावें. खोड काळें पडत असेल तर पडद्यावर खोडावरच बोट टेकावें, म्हणजे प्रकाशाचें माप तेथलें धरलें जातें. सालीच्या चित्रांत शेजारीं एखादें नाणें ठेवलें तर आकाराची कल्पना येते.

या डोंगरांत कॅमेरा नवा नाहीं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यासाठीं १८४४ सालीं रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. पुढें त्यांनीं छायाचित्रणहि हातीं घेतलें, आणि त्यांच्या छायाचित्रांचीं पुस्तकें १८६४ सालीं लंडनांत प्रसिद्ध झालीं. त्यांपैकीं एकांत लेण्यांबरोबर या भागांतील निसर्गासहि स्थान होतें. दोनच वर्षांनीं, १८६६ मध्यें, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून गिल यांनीं रंगविलेल्या बहुतेक प्रती जळाल्या. छायाचित्रें मात्र राहिलीं. वेळेवर केलेली नोंद किती मोलाची असते, हें यावरून दिसतें.

आपल्या वाचकांस अशा नोंदीची गरज घराजवळच आहे. शेताच्या बांधावरील किंवा परसांतील झाड माघांत उघडें दिसलें कीं 'वठलें' म्हणून त्यावर कुऱ्हाड चालविण्याची घाई होते, आणि वडिलांनीं लावलेलें झाड दोन महिन्यांच्या अधीरतेपायीं जातें. असा प्रसंग आल्यास प्रथम कोवळ्या डहाळीची साल नखानें किंचित् खरवडावी. खालीं हिरवा ओलावा दिसला तर झाड जिवंत आहे. न दिसला तरी दुसरी, तिसरी डहाळी पाहावी, आणि तरीहि निकाल चैत्र-वैशाखावर सोपवावा. पिंपळ, कडुनिंब, पळस यांसारखीं झाडें पावसाची वाट न पाहतां कडक उन्हांतच नवी पालवी धरतात.

तोंवर घरांतील मुलांमुलींकडे एक काम सोंपवावें. आपलें एक झाड निवडून, एकाच जागीं उभें राहून, दर पंधरा दिवसांनीं त्याचें छायाचित्र घ्यावें, आणि खालीं तारीख व गांव लिहावें. आजोबा-आजींना त्या झाडाचें वय व त्याची हकीकत विचारून तीहि सोबत टिपावी. पाडव्याच्या सुमारास सारीं चित्रें ओळीनें मांडून घरच्या मंडळींनीं एकत्र पाहावींत. या उपक्रमानें एका घरचें जरी एक झाड वांचलें, तरी आमच्या या चार ओळींचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.