हाडालाही वेग कळतो

सुट्या लागल्या की काशीदच्या पुळणीवर गर्दी लोटते. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर ‘एटीव्ही’ धावतात, लाटांवर बनाना बोट उसळते. वाळूत किंवा पाण्यात पडले तर फारसे लागत नाही, असा अनेकांचा समज असतो. हाडांचे शास्त्र वेगळे सांगते.

गुळाचा पाक निवताना सावकाश ओढला तर तार निघते. झटका दिला तर काडकन तुटते. पदार्थ तोच, फरक वेगाचा. हाडाचेही काहीसे असेच आहे. खनिजांचा कडकपणा आणि कोलॅजेन या प्रथिनाची चिवटपणा देणारी वीण यांतून ते घडते. भार सावकाश आला तर सूक्ष्म तडे आडवळणाने पुढे सरकतात आणि वाटेत ऊर्जा जिरते. असे छोटे तडे शरीर बुजवतही असते. भार क्षणार्धात आला की हाड अधिक ताठ होते, तुटण्यापूर्वी जास्त ऊर्जा साठवते आणि ती एकदम मोकळी होते. मग तडा आरपार जातो, हाडाच्या ठिकऱ्या होतात, भोवतीचे स्नायू आणि रक्तवाहिन्याही दुखावतात. त्यात वेग 20 वरून 40 किलोमीटरवर गेला की आघाताची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते.

म्हणून वेगात झालेली दुखापत घरी चोळून बरी करायची नसते. अवयव आहे त्या स्थितीत फळीला बांधावा, जखम स्वच्छ कापडाने झाकावी. सूज टणक होत असेल, वेदना वाढतच असतील, बोटे बधिर पडत असतील, तर काही तासांचा उशीरही हात किंवा पाय गमावण्यास पुरतो.

काशीदहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय सुमारे 30 किलोमीटरवर आहे. जुलै 2021 मध्ये अतिवृष्टीत काशीदजवळचा जुना पूल कोसळून एकाचा बळी गेला आणि अलिबाग–मुरूड वाहतूक तुटली. अशा किनाऱ्यावर दुखापत टाळणे हाच स्वस्त उपचार. वाहनांसाठी वेगळा पट्टा, वेगाला मर्यादा, हेल्मेटची सक्ती आणि गर्दीच्या दिवसांत किनाऱ्यावरच रुग्णवाहिका, यांपैकी काहीही अशक्य नाही. तुटलेले हाड जुळायला महिने लागतात. गाडीचा वेग कमी करायला क्षण पुरतो.