प्राण्यांशिवाय औषध चाचणी: पेशी ‘बघताना’ मरू नयेत म्हणून काय करतात?

नाइट मोडमध्ये फोटो काढताना फोन सांगतो, हलू नका. आपण श्वास रोखतो, दोन-तीन सेकंदांत काम होतं. आता हेच दोन दिवस करायचंय, आणि कॅमेऱ्यासमोर जिवंत पेशी आहेत.

हा विषय आत्ता काढायचं कारण आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (आपल्याकडे दूधभेसळ पकडते ती एफडीए वेगळी!) मोनोक्लोनल अँटिबॉडी औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्यानं कमी करायची योजना जाहीर केली. भारतानं तर मार्च २०२३ मध्येच नियम बदलून ऑर्गनॉइडसारख्या पर्यायांना जागा दिली. ऑर्गनॉइड म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला, यकृतासारखा किंवा आतड्यासारखा वागणारा पेशींचा छोटासा गोळा. त्यावर औषध टाकायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघत राहायचं. माझ्या मते अवघड भाग हा ‘बघत राहायचं’ हाच आहे.

माणसाच्या पेशींना ३७ अंश तापमान लागतं आणि हवेत साधारण ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, नाहीतर भोवतालच्या द्रवाची आम्लता बिघडते. द्रव थोडाच असतो, तो आटला की क्षार वाढतात. म्हणून मायक्रोस्कोपवर उबदार, दमट पेटी बसवतात. पण तापमान जरा जरी बदललं तरी मशीनचे धातूचे भाग प्रसरण-आकुंचन पावतात आणि फोकस सरकतो. त्यामुळे प्रयोगाआधी मशीन बराच वेळ आधीपासून तापवून ठेवावं लागतं.

नमुना हलू नये म्हणून तो अनेकदा अगारोजच्या जेलमध्ये बसवतात. हे समुद्री शेवाळापासून मिळतं, घरातल्या चायना ग्रासचा चुलतभाऊच म्हणा. यातला एक खास प्रकार ३७ अंशांनाही पातळ राहतो, म्हणजे ओतताना पेशी भाजत नाहीत. जेल फार घट्ट झालं तर वाढ दबते, सैल राहिलं तर नमुना सरकतो. झेब्राफिशचे भ्रूण असतील तर पाण्यात ट्रायकेन हे भुलीचं औषधही घालतात, कारण ते चक्क वळवळतात.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र प्रकाश. लेझरमुळे पेशीत ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात आणि पेशी आतून खराब होत जाते. लाइट-शीट मायक्रोस्कोप यावर चांगला तोडगा आहे. तो बाजूनं पातळ प्रकाशाची पट्टी टाकतो, जेवढा थर बघायचाय तेवढाच उजळतो. ‘नेचर मेथड्स’नं २०१४ ची सर्वोत्तम पद्धत म्हणून त्याचीच निवड केली होती.

आता समजा, दुसऱ्या दिवशी पेशी मेल्या. औषधानं की लेझरनं? हे कळलं नाही तर चांगलं औषध फुकट बाद होईल. म्हणून सोबत दोन नमुने लागतात: एक औषध न टाकलेला पण तेवढाच प्रकाश सोसलेला, आणि दुसरा औषधही नाही, प्रकाशही नाही, नुसता इनक्युबेटरमध्ये ठेवलेला. लख्ख, चमचमणाऱ्या पेशींचा रील दिसला की मी आधी हा अंधारातला नमुना शोधतो. बहुतेक वेळा रीलमध्ये तो नसतोच.