पायलटची इंग्रजी : शिकवणीचे पैसे भरण्यापूर्वी

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेली आपली मुले-मुली हल्ली "मला पायलट व्हायचंय" असे घरात सांगू लागली आहेत. सातारा, कराड, मिरज, तासगाव या भागांतल्या वस्त्यांतूनही हे ऐकू येते. ऐकून आई-बापाला आनंद होतो आणि लगेच धास्तीही वाटते, "आपलं शिक्षण मराठीतलं. इंग्रजी कुठून आणायची?"

या धास्तीवरच काही शिकवण्यांचा धंदा चालतो. फाडफाड इंग्रजी, साहेबी उच्चार, हमखास प्रमाणपत्र अशी जाहिरात असते. सोसायटीचे कर्ज काढून, दागिना गहाण ठेवून फी भरली जाते. म्हणून पायलटला नेमकी कोणती इंग्रजी लागते, हे आज आपण समजून घेऊ.

ही इंग्रजी मिरवण्यासाठी नाही, माणसांचे जीव वाचवण्यासाठी आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे विमान एकमेकांवर आदळले. दोन्ही विमानांतील ३४९ माणसे गेली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर आणि सौदी विमानाला १४,००० फुटांवर राहण्याची सूचना होती; कझाक विमान त्याहून खाली उतरले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत त्या विमानातील कर्मचाऱ्यांच्या तोकड्या इंग्रजीचा मुद्दाही पुढे आला. त्याआधी २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाचे एक विमान इंधन संपून न्यूयॉर्कजवळ कोसळले आणि ७३ जण दगावले. इंधन संपत आल्याचे पायलटांनी सांगितले होते, पण 'इमर्जन्सी' हा ठरलेला शब्द त्यांनी उच्चारला नाही.

अशा अपघातांवरून धडा घेऊन आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ मध्ये भाषेचा नियम पक्का केला आणि २००८ पासून तो लागू झाला. त्यात सहा पायऱ्या आहेत. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी निदान चौथी पायरी गाठावी लागते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद या सहा गोष्टी तपासतात. यांपैकी ज्यात सर्वांत कमी पायरी मिळेल, तीच एकूण पायरी धरली जाते. पाच गोष्टी उत्तम आणि ऐकून समजण्यात कच्चे, तर निकाल कच्चाच! चौथी पायरी असणाऱ्याची तीन वर्षांनी आणि पाचवी असणाऱ्याची सहा वर्षांनी पुन्हा परीक्षा होते.

आता आपल्या मुलांसाठी महत्त्वाची गोष्ट. चौथ्या पायरीला मातृभाषेची छाप असलेले उच्चार चालतात; ऐकणाऱ्याला समजण्यात फारशी अडचण येऊ नये, एवढीच अट आहे. विमानाच्या रेडिओवर तर इंग्रजांनाही 'थ्री' न म्हणता 'ट्री' आणि 'नाइन' न म्हणता 'नायनर' म्हणावे असे ठरलेले आहे, कारण खरखरीत आवाजात आकडा चुकता कामा नये. ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवावी लागते. समजले नाही तर 'से अगेन' म्हणजे 'पुन्हा सांगा' असे विचारावेच लागते. वर्गात पुन्हा विचारायला आपली मुले लाजतात. विमानात ती लाज जिवावर बेतते.

साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. मराठी बोलणाऱ्या घरातल्या त्या मुलाने पुढे न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये इंग्रजीतून प्रबंध लिहिले. तेव्हा घरात इंग्रजी नाही म्हणून आपल्या मुलांनी मागे हटण्याचे कारण नाही.

मग शिकवणी कशी निवडावी? आमच्या मते पालकांनी पाच प्रश्न विचारावेत. एक, सुरुवातीला मुलाची या सहा गोष्टींत तपासणी करून कच्ची बाजू सांगता का? दोन, निरनिराळ्या देशांच्या माणसांचे बोलणे रोज ऐकवता का? तीन, एका वर्गात मुले किती, आणि प्रत्येकाला किती मिनिटे बोलायला मिळते? चार, ठरलेल्या शब्दांबाहेरचा प्रसंग, म्हणजे प्रवासी आजारी पडला, पक्षी धडकला, असा प्रसंग साध्या वाक्यांत सांगण्याचा सराव घेता का? पाच, परीक्षा कोण घेणार? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या केंद्राचा निकालच उपयोगी पडतो. शिकवणीवाल्याने दिलेला कागद नव्हे. यांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर पैसे भरू नयेत. फी हप्त्याने घेतात का, मधेच सोडल्यास परत मिळते का, हेही लेखी घ्यावे.

क्रमही लक्षात ठेवावा. अकरावी-बारावीत साधी, रोजची इंग्रजी पक्की करावी. मोबाइलवर आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या ऐकाव्यात आणि ऐकलेले पाच वाक्यांत बोलून दाखवावे. याला पैसे पडत नाहीत. नंतर पायलटसाठीची ठरलेली वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. तीत अडचण निघाली तर महागड्या शिकवणीचा खर्च तरी वाचेल. रेडिओवरील ठरलेल्या बोलीचे खास शिक्षण उड्डाणशाळेत प्रवेश पक्का झाल्यावर घ्यावे. त्या रेडिओ परवान्याची परीक्षा वेगळी असते. पूर्वी ती दूरसंचार खात्याकडे होती. २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती महासंचालनालयाकडे सोपवली. भाषेची पायरी आणि रेडिओचा परवाना या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एकाच फीत दोन्ही 'करून देतो' म्हणणाऱ्यापासून सावध राहावे.

उड्डाणाच्या शिक्षणालाच लाखो रुपये लागतात. ती पुंजी आधीच साहेबी उच्चारांवर उधळू नका. पोर रोज संध्याकाळी दहा मिनिटे इंग्रजीत बोलत असेल, तर घरच्यांनी हसू नये. आईने समोर बसून ऐकावे, बापाने टीव्ही बंद करावा. चौथ्या पायरीची तयारी इथून सुरू होते.