स्वस्त यंत्र, महाग शाई

आमच्या घरचा प्रिंटर वर्षभर कपाटावर धूळ खात पडला आहे. घेतांना तो स्वस्त होता. शाई मात्र परवडेना! म्हणून माझें मत असें कीं, दुकानांत यंत्राच्या किंमतीआधीं 'एका पानास खर्च किती?' हें विचारावें.

कार्ट्रिजच्या किंमतीस उत्पादकानें सांगितलेल्या पानांच्या संख्येनें भागिलें म्हणजे उत्तर मिळतें. समजा, ४,००० रुपयांच्या यंत्राचें ८०० रुपयांचें कार्ट्रिज २०० पानें छापतें. पानास ४ रुपये पडले. दुसरें यंत्र शाईच्या टांकीचें, १२,००० रुपयांचें. पण त्याची ५०० रुपयांची शाई ५,००० पानांस पुरते. पानास अवघे १० पैसे! सुमारें २,०५० पानांनंतर महाग यंत्रच स्वस्त ठरतें.

मात्र शाईचें यंत्र पडून राहिल्यास शाई वाळून छिद्रें बुजतात, आणि तीं साफ करण्यांत आणखी शाई जाते. टोनरच्या कोरड्या पुडीस हें भय नाहीं. म्हणून क्वचित् व केवळ काळें छापणारांस लेझर प्रिंटर बरा. महिन्याकांठीं पांचच पानें लागत असतील, तर नाक्यावरचें दुकान सर्वांत उत्तम.

सारांश, आधीं हिशेब करावा, मग पैसे मोजावे. आम्हीं उलट केलें!