प्लॅस्टर निघाल्यानंतर

ओल्या फरशीवर पाय घसरला की माणूस नकळत हात पुढे करतो आणि साऱ्या देहाचा भार तळहातावर येतो. मनगटाजवळचे हाड मोडण्याची ही अगदी ठरलेली रीत होय. डब्लिनचे शल्यवैद्य अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या अस्थिभंगाचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. गतवर्षी श्रावणात माझ्या मावशीवर हाच प्रसंग आला. हाड बसविले, प्लॅस्टर घातले, सहा आठवड्यांनी ते काढले आणि क्ष-किरणांचे चित्र पाहून ‘हाड उत्तम जुळले, आता काळजी नको’ असे सांगून तिला घरी पाठविण्यात आले. हाड खरोखरच उत्तम जुळले होते. परंतु घरी आल्यावर मावशीला पोळीचा तुकडा मोडता येईना, मूठ मिटेना, आणि ज्याला काहीच लागले नव्हते तो खांदाही इतका आखडला होता की वेणी घालण्यापुरतासुद्धा हात मागे जाईना.

असे का व्हावे? मनगट धरून पंजात २७ हाडे असतात. त्यांना हलविणारे मोठे स्नायू मात्र कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असून त्यांच्या दोरीसारख्या कंडरा अरुंद बोगद्यांतून बोटांच्या टोकांकडे गेलेल्या असतात. मार लागला की सूज येते. ती रेंगाळली आणि त्यात हालचालही थांबली, की या कंडरा भोवतालच्या भागाला चिकटू लागतात व सांध्यांची बंधने आखूड होतात. म्हणून, डॉक्टरांनी मना केले नसेल तर, प्लॅस्टर असतानाच पंजा उशीवर उंच ठेवावयाचा असतो, आणि मोकळी राहिलेली बोटे, कोपर व खांदा दिवसातून अनेक वेळा पुरतेपणी हलवावयाचे असतात. मावशीला हे कोणी सांगितले नाही. तिने सहा आठवडे हात झोळीत तान्ह्या मुलासारखा जपला, आणि आम्ही सर्वांनी तिच्या सोशिकपणाचे कौतुक केले!

पुढे एका भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंकडे तिला नेले. त्यांनी हाताला स्पर्श करण्यापूर्वी तो नुसता पाहिला : रंग, सूज, घाम, त्वचेवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत काय. मग दोन्ही हात शेजारी ठेवून तुलना केली, कारण आपल्या हाताचे खरे माप आपलाच दुसरा हात होय. कोनमापकाने एकेक सांधा मोजला, तोही दोनदा. एकदा मावशीने स्वतः वाकविला तेव्हा आणि एकदा बाईंनी हलकेच वाकविला तेव्हा. या दोन मापांतला फरक फार बोलका असतो. दुसऱ्याने वाकविल्यावर बोट वाकते पण आपले आपण वाकत नाही, तर दोष कंडरेत, स्नायूत किंवा मज्जातंतूत शोधावा लागतो. दोन्ही वेळा अडते, तर सांधा आखडला असण्याचा संभव अधिक. मिटलेल्या मुठीत बोटाचे टोक तळहातापासून किती दूर राहते तेही पट्टीने मोजले. पकडीचे बळ दाबयंत्रावर तीनदा घेऊन सरासरी काढली. नायलॉनच्या बारीक धाग्याचा स्पर्श कळतो का तेही पाहिले. ही सारी मापे वहीत उतरली. पंधरा दिवसांनी तीच मापे पुन्हा घेतली, तेव्हा ‘काही फरक नाही हो’ म्हणणाऱ्या मावशीला वहीच उत्तर देऊ शकली.

मापांबरोबर प्रश्नही विचारतात. १९९६ सालच्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीत तीस प्रश्न असून बरणीचे घट्ट झाकण उघडता येते का, किल्ली फिरविता येते का, सुरीने अन्न कापता येते का, अशी विचारणा आहे. माझा व्यवसायच भाषांतराचा, म्हणून सुरीपाशी मी अडखळलो. आमच्या पानात सुरी नसते. पाच बोटांनी वरणभाताचा घास उचलणे, भाकरी थापणे, नाडीची गाठ मारणे, पिळा देऊन लुगडे झटकणे, हे आमचे प्रश्न. बाईंनी नेमके तेच विचारले आणि तांदूळ निवडणे, मऊ कणीक मळणे हाच पुढे व्यायाम ठरविला. धुणे पिळण्यास मात्र त्यांनी बरेच दिवस परवानगी दिली नाही.

अशा कामांतून हात घडविण्याच्या शास्त्राला व्यवसायोपचार म्हणतात. अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याची भारतातील पहिली शाळा काढली. तिकडे वेल्लोर येथे १९४६ साली आलेले डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांत चांगल्या स्नायूची कंडरा नेऊन जोडीत. त्यानंतर रुग्णाला तो स्नायू नव्या कामाला लावण्यास शिकावे लागे. १९५४ च्या अपघाताने कमरेखाली लुळ्या पडलेल्या डॉ. मेरी वर्गीस तेथेच चाकाच्या खुर्चीत बसून असे हात दुरुस्त करीत. ‘पुनर्वसन’ म्हटले की आपल्याला धरणग्रस्त आठवतात; हाताच्या बाबतीतही तो शब्द मला योग्यच वाटतो, कारण येथेही उठलेला संसार पुन्हा मांडावयाचा असतो.

जखमेने मज्जातंतू तुटला असेल तर हिशेब आणखी लांबतो. शिवलेला तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाचे टोक अठरा सेंटिमीटर धरले तर सहा महिने झाले. तोवर बधिर बोटाला गरम तव्याचा चटका कळत नाही, हे स्वयंपाकघरात विसरू नये.

दोन गोष्टी मात्र वाचकहो, आजच घरात सांगून ठेवा. मुलाच्या कोपराला मार लागला तर तेल लावून चोळू नका व ओढून सरळ करवू नका. तशा चोळण्याने कोपराभोवतीच्या स्नायूत हाड धरू शकते. आणि प्लॅस्टर किंवा कामट्यांची पट्टी बांधल्यावर वेदना वाढतच गेली, बोटे हलकेच सरळ करतानाही असह्य कळ आली, ती बधिर, पांढरी किंवा निळी पडली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा. आत कोंडलेल्या दाबाने काही तासांतच स्नायू मरतात. असा पंजा जन्मभर वाकडा राहतो, हे जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यांनी १८८१ सालीच लिहून ठेवले आहे.

मावशीचा हात पाच महिन्यांनी बराचसा मोकळा झाला. करंगळी अजून तळहाताला पुरती टेकत नाही. वेणी मात्र ती आपली आपण घालते, आणि वहीतले कोन शेजारणींना मोठ्या अभिमानाने दाखविते.